तारामती कोणी केली? दुर्गा खोटे आणि ‘पहिली’ या शब्दाची भानगड

पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या आणि ‘गाईड काय म्हणतील’ या काळजीत असलेल्या सगळ्यांसाठी यावेळी थोडा वेगळा विषय घेतलाय. प्रयोगशाळेतलं फार काही नाही. एका नटीचं आयुष्य आहे. पण वाचता वाचता लक्षात येईल की प्रश्न आपलाच आहे: संशोधनात ‘पहिल्यांदाच’ हा शब्द कधी लिहायचा आणि कधी पेन खाली ठेवायचं.

एकाच भूमिकेपासून सुरुवात करू. राजा हरिश्चंद्राची राणी तारामती. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्यातली तारामती केली अण्णा साळुंके यांनी. म्हणजे एका पुरुषाने. फाळक्यांना बाई मिळाली नाही, तेव्हा उपाहारगृहात काम करणारा हा माणूस त्यांनी उभा केला. (याच साळुंक्यांनी पुढे 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. डबल रोलचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आता 1932 वर या. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम, चित्रपट ‘अयोध्येचा राजा’. कथा तीच, हरिश्चंद्राची. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. मुंबईच्या नामांकित सॉलिसिटरची मुलगी, कॅथेड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, फर्डं इंग्रजी बोलणारी, दोन मुलांची आई.

एकोणीस वर्षांत तारामतीच्या जागी पुरुष जाऊन अशी बाई आली. मधे काय झालं? कुठलंही पुस्तक उघडा, कुठलाही पुरवणीतला लेख वाचा, उत्तर एकच मिळतं: दुर्गा खोटे या चित्रपटात आलेल्या ‘पहिल्या कुलीन घरातल्या स्त्री’. वाक्य इतकं ठरलेलं की आपण त्यावरून डोळे फिरवून पुढे जातो. मीही बरीच वर्षं गेले.

पण थांबा. 1913 मध्येच, ‘राजा हरिश्चंद्र’नंतर काही महिन्यांतच फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात मोहिनी झाली कमला नावाची साधारण तेरा वर्षांची मुलगी, आणि पार्वती झाली तिची आई, दुर्गाबाई कामत. मुलगी पुढे कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर मोठी झाली. चंद्रकांत गोखले तिचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. आता गंमत बघा. या मायलेकी ब्राह्मण घरातल्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, मुलीला वाढवायचं म्हणून नाटक कंपनीत गेलेल्या. म्हणजे ‘कुलीन’चा अर्थ जातीपुरता धरला तर दुर्गा खोट्यांच्या आधी अठरा-एकोणीस वर्षं हे घडून गेलेलं आहे. मग ते वाक्य खोटं का?

खोटं नाही. अर्धवट आहे. ‘कुलीन’ या शब्दात जात आहे, तशीच संपत्ती आहे, इंग्रजी शिक्षण आहे, मुंबईतलं घर आहे, नवऱ्याच्या घराण्याचं नाव आहे. दुर्गाबाई कामतांनी घर सोडलं तेव्हाच समाजाने त्यांचं नाव ‘कुलीन’च्या यादीतून काढून टाकलं असणार. म्हणजे ही मोजपट्टीच अशी आहे की जी बाई पोटासाठी नाटकात गेली, ती जाताक्षणीच मोजणीतून बाहेर पडते. आणि मग कोणीतरी ‘पहिली’ ठरते.

आमच्या विज्ञानात याला सरळ प्रश्न विचारतात: व्याख्या आधी ठरवली होती की निकाल बघून? पेपरमध्ये ‘प्रथमच’ लिहिलं की समीक्षक पहिली खूण तिथेच करतो. कुठल्या तापमानाला प्रथम, कुठल्या द्रावकात प्रथम, कुणाच्या माहितीप्रमाणे प्रथम? सिनॉप्सिसमध्ये ‘या विषयावर आजवर काम झालेले नाही’ असं बिनधास्त लिहिणाऱ्यांनी ही तीन प्रश्नांची चाळणी भिंतीवर लावून ठेवावी.

मी राहते ते फर्दापूर अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचं गाव. इथे लहानपणापासून ऐकत आलोय की 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने शिकारीला आलेला असताना लेणी ‘शोधली’. दहाव्या लेण्यात त्याने कोरलेलं नाव आणि तारीख आहे, म्हणजे पुरावा पक्का. पण पुरावा कशाचा? तो तिथे आला याचा. त्याच्या आधी कोणालाच ठाऊक नव्हतं याचा नाही. डोंगरात गुरं चारणाऱ्या माणसाने खांबावर आपलं नाव कोरलं नाही, एवढाच फरक. दुर्गाबाई कामतांचंही तसंच आहे. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं नाही, दुर्गा खोट्यांनी लिहिलं.

इथे दुर्गा खोट्यांचं श्रेय कमी करायचा माझा हेतू नाही. उलट ते ठरलेलं वाक्य बाजूला ठेवलं की बाई जास्त मोठी दिसते. आता जरा सविस्तर बघू.

जन्म 14 जानेवारी 1905, मुंबईचा. माहेरचं आडनाव लाड. लग्न विश्वनाथ खोटे यांच्याशी, घर श्रीमंत. ती श्रीमंती ओसरली आणि घराचा भार दुर्गाबाईंवर आला. सुरुवातीला त्यांनी शिकवण्या केल्या. मग 1931 मध्ये मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’मध्ये एक छोटीशी भूमिका चालून आली, तीही बहिणीच्या ओळखीतून. चित्रपट कसा आहे, आपल्या प्रसंगाच्या पुढे-मागे काय आहे, याची त्यांना नीट कल्पना नव्हती. चित्रपट हलक्या दर्जाचा निघाला, आणि जाहिरातीत गाजावाजा झाला तो मात्र लाडांच्या मुलीचा नि खोट्यांच्या सुनेचा. समाजात, नात्यात जी व्हायची ती बदनामी झाली.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘कुलीन घरातली’ हा शिक्का इतिहासकारांनी नंतर लावलेला नाही. तो पहिल्याच चित्रपटाच्या विक्रीचा माल होता. आपण आज जे वाक्य इतिहास म्हणून पाठ करतो, त्याचं मूळ जाहिरातीत आहे. साहित्याचा आढावा घेताना एखादा दावा मागे मागे नेत गेलात की असे धक्के बसतात. पाच पेपर एकमेकांचा हवाला देतात आणि मुळाशी असतं एखादं माहितीपत्रक.

तर बदनामीनंतर दार बंद व्हायला हवं होतं. झालं उलटं. शांतारामांच्या डोळ्यांत ही नटी भरली आणि ‘अयोध्येचा राजा’ आला. हा पहिला मराठी बोलपट म्हणून ओळखला जातो (हाही ‘पहिला’ आहे हे लक्षात असू द्या). हिंदी आणि मराठी अशा दोन आवृत्त्या होत्या. डबिंगची सोय नव्हती, त्यामुळे प्रसंग एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत असे वेगवेगळे चित्रित करावे लागत. पार्श्वगायनही नव्हतं. ते 1935 च्या ‘धूप छाँव’पासून रुळलं. म्हणजे कॅमेऱ्यासमोर नटीने स्वतःच गायचं, ध्वनी त्याच वेळी टिपला जायचा, आणि चुकलं की सगळं पुन्हा. गायनाची पक्की तालीम नसलेल्या, चित्रपटाचा जेमतेम अनुभव असलेल्या बाईने हे पेललं. आता परत साळुंक्यांची तारामती आठवा. मूकपटात पुरुषाची बाई चालून गेली. माईक आला आणि आवाज ऐकू यायला लागला, तेव्हा पडद्यावर ती सोय अवघड झाली. रंगभूमीवर मात्र बालगंधर्व गळ्याच्या जोरावर अजून राज्य करत होते. त्यामुळे तंत्रज्ञानाने बाईला आणलं असं सरळसोट म्हणता येत नाही, पण ध्वनिमुद्रणाने पारडं झुकवलं एवढं नक्की.

त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’. स्त्रीराज्याची राणी, सोबत पाळलेला चित्ता. तारामतीचं सोसणं आणि या राणीचा ताठा, दोन्ही एकाच नटीने एका वर्षात केलं. 1936 मध्ये ‘अमर ज्योती’. त्यात त्या सौदामिनी झाल्या. राज्याचा कायदा तिला तिच्या मुलाचा ताबा नाकारतो, म्हणून ती समुद्रावर चाचेगिरी करणारी होते. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. दोन वर्षं आधी कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा, देवकी बोस यांचा ‘सीता’ तिथे जाऊन मानपत्र घेऊन आला होता. त्यात सीता दुर्गा खोटे आणि राम पृथ्वीराज कपूर.

कलकत्ता इथे का आलं? हा माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यांत कमी बोलला जाणारा आणि सगळ्यांत मोठा निर्णय. तेव्हा कलाकार स्टुडिओत महिन्याच्या पगारावर असायचे. कारखान्यात कामगार असतो तसे. प्रभातचा माणूस प्रभातचा. दुर्गाबाईंनी प्रभातमध्ये नाव कमावलं आणि त्या एका कंपनीला बांधून राहिल्या नाहीत. न्यू थिएटर्समध्ये ‘राजरानी मीरा’ (1933), ईस्ट इंडियात ‘सीता’, मग परत प्रभात, मग प्रकाश पिक्चर्स. काम बघून करार. आज आपण फ्रीलान्स म्हणतो ते. घर चालवायचं असलेल्या बाईने स्वतःचा भाव स्वतः ठरवायला सुरुवात केली, ही गोष्ट ‘कुलीन’ या विशेषणापेक्षा कितीतरी मोठी नाही का? पण लेख येतात ते विशेषणावर. पैशाबद्दल लिहायला आपण लाजतो, विशेषतः बाईच्या पैशाबद्दल.

चाळीसच्या दशकात आचार्य अत्र्यांची ‘पायाची दासी’ (हिंदीत ‘चरणों की दासी’, 1941) आणि विजय भट्ट यांचा ‘भरत मिलाप’ (1942). या दोन्ही कामांना बंगालच्या चित्रपत्रकारांच्या संघटनेने पुरस्कार दिले. पुढची यादी तुम्हाला ठाऊक असेल: ‘मुघल-ए-आझम’ची जोधाबाई, ‘बावर्ची’, ‘बॉबी’, आणि ‘बिदाई’ (1974), जिच्यासाठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. 1968 मध्ये पद्मश्री आणि 1983 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना 1913 मध्ये तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा. यावर मी जास्त काही बोलत नाही.

रंगभूमीवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण चित्रपटाच्या झगमगाटात ते राहून जातं. मराठी रंगभूमीवर चांगल्या घरच्या बायकांनी काम करणं हा तिसाव्या दशकात वादाचा विषय होता. 1933 मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या आणि वारं फिरायला लागलं. दुर्गा खोटे पुढे मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत आल्या. त्यांतलं ‘राजमुकुट’ आठवणीत ठेवा. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चं वि. वा. शिरवाडकरांनी केलेलं रूपांतर, 1954 चं, दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल, समोर नानासाहेब फाटक. लेडी मॅकबेथच्या भूमिकेत दुर्गा खोटे. आयुष्यभर सीता-तारामती म्हणून ओळखली गेलेली बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर रंगमंचावर नवऱ्याला खुनासाठी चेतवते. 1958 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. चित्रपटाच्या प्रिंट शिल्लक राहतात, म्हणून आपण नटीला पडद्यावरून मोजतो. नाटकाचा प्रयोग त्या रात्रीच संपतो. पुराव्याचा हा असमतोल संशोधकाने हिशेबात धरायलाच हवा, नाहीतर जे टिकलं तेच घडलं असं वाटायला लागतं.

टिकण्यावरून माझ्या विषयातलं थोडं सांगू का? त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. हा पदार्थ आपोआप विघटित होतो. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल बनतं, आणि ते आम्ल पुढचं विघटन आणखी वाढवतं. वर हे प्रकरण भयंकर ज्वालाग्राही. म्हणून 14 मार्च 1931 रोजी आलेल्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं 1964 मध्ये. तोवर बरंच काही गेलं होतं. 2003 मध्ये पुण्यात एफटीआयआयच्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि प्रभातच्याही मूळ फिती जळाल्या. या सगळ्यातून ‘अयोध्येचा राजा’ वाचला. शिल्लक असलेल्या सगळ्यांत जुन्या भारतीय बोलपटांत त्याची गणना होते. म्हणजे दुर्गा खोट्यांची तारामती आपण आज बघू-ऐकू शकतो यात अभिनयाइतकाच रसायनशास्त्राचा नि नशिबाचा वाटा आहे.

आता मुख्य साधनाकडे. दुर्गाबाईंचं आत्मचरित्र ‘मी दुर्गा खोटे’ आलं 1982 मध्ये. शांता गोखले यांनी पुढे त्याचा इंग्रजी अनुवाद केला. लिहिलं तेव्हा बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या, आणि ‘फरेबी जाल’ला पन्नास वर्षं होऊन गेलेली. त्यामुळे त्यातला 1931 चा प्रसंग वाचताना दोन साली एकदम उघडी ठेवावी लागतात. पंचविशीतली बाई आणि तिच्याकडे वळून बघणारी, सगळा मानसन्मान मिळालेली बाई.

अजिंठ्याच्या चित्रांवर 1920 ते 1922 च्या दरम्यान निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी शेलॅकचं वॉर्निश दिलं. सुटत चाललेला रंग त्याने धरून ठेवला. पण वॉर्निश पुढे पिवळं पडलं आणि खालचे निळे-हिरवे रंग वेगळेच दिसायला लागले. नंतरच्या रसायनतज्ज्ञांना ते थर हळूहळू उतरवावे लागले, आणि उतरवतानाही खालचं चित्र जायची भीती असतेच. आत्मचरित्र हे असं वॉर्निश आहे. त्याच्याशिवाय चित्र गळून पडलं असतं, आणि त्याच्यामुळेच रंग बदललाय. म्हणून ते फेकायचंही नाही आणि जसंच्या तसं उद्धृत करून मोकळंही व्हायचं नाही.

शेजारी दुसरं पुस्तक ठेवून वाचा: हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ (1970). हंसाबाई कलावंत घराण्यातल्या, पडद्यावर ‘लोकशाहीर रामजोशी’ने गाजलेल्या. त्यांनी सांगितलं आणि शब्दांकन केलं अरुण साधू यांनी. त्यावरच पुढे श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ बेतला गेला, स्मिता पाटील यांचा. एका पुस्तकात बाई स्वतः लिहिते, दुसऱ्यात सांगते आणि पत्रकार लिहितो. एकीला घराण्याचं नाव जपायचंय, दुसरीला ते ओझं कधी मिळालंच नाही. तेच दशक, तेच स्टुडिओ, तरी ‘चित्रपटात आले’ या दोन शब्दांचा अर्थ दोघींसाठी वेगळा. दुर्गाबाईंच्या बाबतीत लोक विचारत होते, अशा घरची बाई इथे कशी? हंसाबाईंच्या बाबतीत तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. इतिहासात न विचारलेला प्रश्न हासुद्धा डेटा असतो.

काम करायला घेणाराला एक अगदी व्यावहारिक अडचण सांगते, कारण यात महिने जातात. नावं. दुर्गा लाड म्हणजेच दुर्गा खोटे. कमला कामत म्हणजे कमलाबाई गोखले. रतन साळगावकर म्हणजे हंसा वाडकर. दुर्गाबाईंच्या सूनबाई, ‘रंगायन’च्या संस्थापकांपैकी एक, लग्नाआधी विजया जयवंत, मग विजया खोटे, आणि हरीन खोटे यांच्या निधनानंतर पुन्हा लग्न झाल्यावर विजया मेहता. साठच्या आधीच्या पत्रिकेत एक नाव, नंतरच्या पुस्तकात दुसरं. सुलोचना म्हणाल तर एक रूबी मायर्स आणि एक आपल्या सुलोचना लाटकर. दुर्गा म्हणाल तर 1913 च्या दुर्गाबाई वेगळ्या, 1931 च्या वेगळ्या. आपल्याकडे लेखकासाठी ऑर्किड क्रमांक निघाला तो याच दुखण्यावर. सूची करताना पहिल्या दिवसापासून एक वही अशी ठेवा की जिच्यात प्रत्येक बाईची सगळी नावं, सालासकट, एका ओळीत येतील. पुरुषांसाठी ही वही फारशी लागत नाही, हे वही भरायला लागलात की आपोआप दिसेल.

आणि वहीत एक रकाना ‘पडद्यामागे’ म्हणून ठेवा. दुर्गाबाईंच्या नावासमोर तो रिकामा राहणार नाही. 1952 मध्ये त्यांनी फॅक्ट फिल्म्स काढली, पुढे दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. लघुपट, माहितीपट, जाहिरातपट केले. 1988 मध्ये दूरदर्शनवर आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखेवरची, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ‘वागळे की दुनिया’ सुरू झाली. तुमच्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांनी ती बघितली असेल. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर त्यांना आठवतील, निर्मितीचं नाव बहुधा नाही. ती मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती. बाई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. 22 सप्टेंबर 1991 रोजी अलिबागला त्या गेल्या.